कुरणावरची हाक

महादेवाच्या यात्रेला निघालेल्या गावातल्या बायका शेवटच्या कुरणावर पोचल्या आणि धुकं उतरलं.

"आता कुणी नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही, आछरी पऱ्या उचलून नेतात," पुढची बिशनी म्हणाली.

"मला नेलं तर पऱ्यांनाच माझे गुडघे चोळत बसावं लागेल," सगळ्यांत मागून सुरमाची सासू हसली.

थोड्या वेळाने सुरमाला मागून नावाने हाक आली, पुन्हा आली. कानांवर पदर घट्ट धरून ती धावतच सुटली.

देवळाच्या दारात ती म्हणाली, "मला हाक आली, पण मी वळले नाही."

"मलाही आली," बिशनी म्हणाली. एकेक करत सगळ्या तेच सांगू लागल्या, प्रत्येकीला तिच्याच नावाने हाक आली होती.


सुरमाची सासू मात्र अजून पोचलीच नव्हती.