सहा नंबरचा कागद

"हे काय गं पट्ट्यात खोचलंयस? ड्रिल मशीन?" ऑरिननं लेकीच्या काळ्या पिस्तुलाकडे पाहत तोंड वाकडं केलं.

"सतरा गोळ्या बसतात यात, बाबा. तुमच्यात सहा."

"सहात ज्याचं भागत नाही, त्यानं मासे पकडायला जावं."

वायोमिंगमधल्या त्या लहानशा परगण्याच्या नेमबाजीच्या मैदानावर सकाळपासूनच वारा सुटला होता. ऑरिन हॅस्केल शेरीफच्या खात्यातून निवृत्त झालेला, पण न्यायालयाच्या दारावर आठवड्यातून तीन दिवस अजून पहाऱ्याला उभा राहायचा. त्या तीन दिवसांवर म्हाताऱ्याचा फार जीव. लेक रेनी त्याच खात्यात, गस्तीच्या गाडीवर. दोघांची परीक्षा आज एकाच वेळी होती, शेजारी शेजारी. तिचा कागद सहा नंबरचा, त्याचा सात. प्रत्येकी पन्नास गोळ्या. चाळीस तरी कागदाला लागायलाच हव्यात.

म्हाताऱ्याची कुणालाच काळजी नव्हती. काळजी रेनीची होती. हिवाळ्यात बर्फावरून घसरून तिचं उजवं मनगट मोडलं, आत दोन स्क्रू बसले. तेव्हापासून चाप ओढायच्या आधीच तिचा हात खाली दबायचा. दोनदा नापास झाली होती. आज तिसरी आणि शेवटची खेप. गेली, तर बारा वर्षांचा बिल्ला काढून टेबलावर ठेवायचा आणि घरी जायचं.

"धरून तर बघ," म्हणत ऑरिननं आपलं रिव्हॉल्व्हर रिकामं करून तिच्या हातात दिलं.

आता खरं सांगायचं तर ते होतंच तसं देखणं. निळसर पोलाद, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, तीही ऑरिनच्या तळहातानं झिजून गुळगुळीत झालेली. गोळ्यांचं चाक मिटलं की असा नेमका खट्ट आवाज यायचा, की परत परत मिटावंसं वाटे. रेनीच्या पिस्तुलालाही नावं ठेवायला जागा नव्हती म्हणा. चिखलात पडो, बर्फात पडो, पुसलं की चाललं. सांगाडा प्लास्टिकचा, वजन एवढंसं. पण त्याच्यावर कुणी जीव लावेल असं ऑरिनला काही पटायचं नाही.

"आणि गोळी बघ. घरी गॅरेजमध्ये बसून बनवलीय." त्यानं एक गोळी तिच्या तळहातावर ठेवली. गोळीचं तोंड अगदी सपाट होतं. "कागदात गेली की पंचिंग मशीननं पाडल्यासारखं गोल भोक. तुझी ती गोलमट तोंडाची गोळी कागद नुसता फाडते. उंदरानं कुरतडल्यासारखा."

"भोक ते भोक, बाबा. गुण तेवढेच मिळतात."

"अगं, पण काही सौंदर्य नावाची गोष्ट?"

परीक्षक जेन्ट्रीनं शिट्टी मारली. तिशीतला पोरगा, पण मैदानावर भारी कडक. दोघांनी कानांवर झाकणं चढवली आणि पहिल्या दहा गोळ्या झाडल्या.

ऑरिन डोळे बारीक करून समोर बघत राहिला. मग दुर्बीण काढून बघितलं. परत डोळे बारीक केले.

"सहा नंबर माझा ना रे?"

"सात, सर!" जेन्ट्री ओरडला. "सहा रेनीचा!"

"हां, हां. हा मेला वारा डोळ्यांत जातो."

रेनीनं कानावरचं झाकण उचलून त्याच्याकडे बघितलं. बाबांना आपला कागदसुद्धा ओळखू येत नाही? ती आपलं मनगट विसरूनच गेली.

"माझं कसं झालंय?" तिनं हळूच विचारलं.

"झकास चाललंय. मनगटाचा विचार करू नकोस. चाप दाब, बाकी बंदुकीवर सोड."

दहा-दहा गोळ्यांच्या आणखी चार फेऱ्या झाल्या. रेनी घामाघूम झाली होती. जेन्ट्री कागदांपाशी गेला आणि भोकांवर पेन्सिलीनं रेघा मारत भराभर मोजू लागला. सहा नंबर मोजला. पुन्हा पहिल्यापासून मोजला.

"एक्केचाळीस! पास! उद्यापासून गाडीवर!"

रेनीनं असा काही आरडाओरडा केला की शेजारच्या कुरणातल्या गायींनी माना वर केल्या. जेन्ट्री सात नंबरकडे वळला आणि तोही त्यानं दोनदा मोजला.

"सर... अठ्ठावीस."

"बरं."

"अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मुठीएवढ्या जागेत आहेत हो! बाकीच्या बावीस गेल्या कुठे?"

"वाऱ्यावर. डोळे गेले रे बाबा माझे."

"पुढच्या महिन्यात परत या की. मी तारीख देतो."

"नको. दारावर आता दुसरा कुणी उभा करा." ऑरिननं कमरेचा पट्टा सोडला, गुंडाळला आणि गाडीतल्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. रेनीला ते बघवेना. ज्या दिवशी तिनं नाचायला हवं, त्याच दिवशी बाबांच्या कमरेला पहिल्यांदा काही नव्हतं.

परतताना गाडीत त्याला हसवावं म्हणून ती म्हणाली, "म्हणजे प्लास्टिक जिंकलं म्हणायचं का?"

"जिंकलं बाई. कबूल."

एवढ्या वर्षांच्या भांडणात हा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नव्हता. रेनीला एकदम रडूच आलं. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं. तो शीळ घालत गाडी चालवत राहिला.

घरी आल्यावर तिनं सहा नंबरचा कागद फ्रिजवर लावायला घेतला. लावण्याआधी सहज म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उन्हात धरला. एक्केचाळीस भोकांतून ऊन आत आलं. तिनं ती हौसेनं मोजली. मग कागद डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा, एकेक भोक बोटानं चाचपत मोजली.

एकोणीस भोकं उंदरानं कुरतडल्यासारखी होती. उरलेली बावीस, पंचिंग मशीननं पाडल्यासारखी गोल.