शुक्रवारचा नळ

सदुसष्ट सालची गोष्ट. दुबईत गोऱ्यांच्या एका कंपनीत आमचे हे कारकून होते आणि ह्यांचे थोरले भाऊ मोहिद्दीनभाय मजूर. मजुराने कामाशिवाय कारकुनांच्या क्वार्टर्समध्ये पाऊल टाकायचं नाही, असा नियम. म्हणून दर शुक्रवारी आमचा नळ बिघडायचा. भाय हातात पाना घेऊन यायचे आणि जेवून जायचे. गेटवरचा पठाण हसायचा, "भाभी, आपका नल सिर्फ जुम्मे को बिगडता है?"

मला वैताग यायचा. ह्यांना म्हणायची, "अहो, साहेबाला एकदा सांगून टाका ना, सख्खा भाऊ आहे म्हणून!"

"सांगतो गं. आधी प्रमोशन होऊ दे, इन्शाल्ला."

प्रमोशन झालं. त्याच शुक्रवारी साहेब अभिनंदन करायला थेट दारात येऊन उभा राहिला. भाय जेवत होते.

"हा कोण?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"प्लंबर, सर."

"मजुराला शेजारी बसवून जेवू घालतोस? मोठ्या मनाचा आहेस, खैरुद्दीन!"

भाय अर्ध्या ताटावरून उठले. पाना उचलला आणि निघताना त्यांनी धाकट्या भावाला वाकून सलाम केला.

ह्यांनी, अगदी साहेबासारखी मान हलवून, तो घेतला.