वाणाच्या गाळण्या आणि नवा सेंटर

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या सगळ्या काकू वर, खाली बेसमेंटमध्ये आइस हॉकीची मॅच बघत सगळे काका, आणि यंदा पहिल्यांदाच काकांमध्ये मी! आमच्या टीमने नुकताच ट्रेडमध्ये, म्हणजे दुसऱ्या टीमशी अदलाबदल करून, एक वयस्कर सेंटर, मधला खेळाडू, आणला होता. “गुडघे गेलेला माणूस कशाला आणलाय?” यशोधनकाका तिळगूळ चावत कुरकुरले. “पण काका, त्याच्यासाठी दिलं काय आपण? पुढच्या वर्षी नवा खेळाडू निवडायचा एक फालतू हक्क, ड्राफ्ट पिक! यात रिस्क कुठेय? आणि फेसऑफला पंचाने दोघांमध्ये पक टाकला, की ती चकती त्याच्याकडून कोणी घेऊन दाखवावी!” माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही नवीन होतं. तेवढ्यात वरून आईची हाक आली, “अबोली, वाणाच्या गाळण्या घेऊन वर ये, वाटायच्यात!” यशोधनकाका हसले. “लाव पैज. आता तो फेसऑफ हरला, तर मुकाट्याने वर जायचं.” “आणि जिंकला, तर गाळण्या तुम्ही वाटायच्या!” मॅच संपत आली होती, आम्ही एका गोलने पुढे होतो आणि पक आमच्याच गोलसमोर पडणार होता. आमचा म्हातारा वाकला. पंचाने पक टाकला, आणि त्याने तो एका झटक्यात मागे आपल्या खेळाडूकडे ओढला! मी सोफ्यावर चढून किंचाळले. मॅच जिंकल्यावर यशोधनकाका गाळण्यांचं खोकं उचलून, एका हाताने स्वतःचा गुडघा धरत जिना चढले. वर हशा पिकला. जिन्याच्या टोकावरून आई ओरडली, “अबोली, तू खालीच थांब गं! हा ट्रेड आम्हाला परवडला!”