उचकीचं नाव

रिठदच्या गुलाबरावांची उचकी सकाळपासून थांबत नव्हती. त्यांच्या लिव्हरच्या पेशी उपचारासाठी नागपूरच्या एका लॅबमध्ये काचेच्या बशीत वाढत होत्या. त्या जगल्या तरच ते जगणार होते.

"कोन याद करून राह्यलं तुमाले?" त्यांच्या बायकोनं, गिरजाबाईनं, एकेका नातेवाइकाचं नाव घेऊन पाहिलं. उचकी काही थांबेना. शेवटी ती वैतागली. "मंग त्या बशीतल्या लिव्हरनंच केली असंन याद!"

उचकी थांबली.

दोघं हसणार, तेवढ्यात त्याच लॅबमध्ये कामाला असलेल्या लेकीचा, राधिकाचा, फोन आला. "आई, बाबाची बशी आपोआप हालून राह्यली!" तिच्या मागं काच थांबून थांबून खणकत होती.

गिरजाबाईनं जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं.

पलीकडची काच गप्प झाली.