काचेवरची मखमल

सुनेत्राबाईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. सगळे पीळ डावीकडे वळलेले होते.

दोन वर्षं ते उजवीकडेच वळत आले होते. द्रवस्फटिकाचे, म्हणजे मोबाइलच्या पडद्यात असतो तशा लिक्विड क्रिस्टलचे, थर जिथे एकमेकांशी जुळत नाहीत तिथे दोष पडतो, आणि त्या दोषाभोवती थरांना पीळ बसतो. बाईंच्या पदार्थाचे रेणू ना डावे ना उजवे. तेव्हा निम्मे पीळ इकडे, निम्मे तिकडे वळायला हवेत. पण त्यांच्या काचांमध्ये एकजात उजवे. पदार्थ आपणहून बाजू निवडतो, असा त्यांचा दावा होता. पेपर तयार होता, संध्याकाळी धाडायचा होता. पुढच्या वर्षी निवृत्ती. नाव व्हायचं तर याच पेपरानं.

पदार्थ भरण्याआधी दोन्ही काचांवर मखमल घासावी लागते, म्हणजे रेणू ओळीत बसतात. हे काम बाई कुणाच्या हाती देत नसत. या आठवड्यात खांदा धरला, म्हणून नाइलाजानं मखमल कृतिकाकडे गेली. दिल्लीच्या करोल बागेत वाढलेली ही त्यांची विद्यार्थिनी. तिच्या तर तोंडचं पाणी पळालं होतं.

"सॉरी मॅडम, माझंच काहीतरी चुकलं असेल."

बाईंनी तिला फक्त काच घासून दाखवायला सांगितलं. कृतिकानं मखमल उचलली ती डाव्या हातानं. सरळ ओढताना हात किंचित बाहेर कलला. मग बाईंनी दुखऱ्या खांद्यानं स्वतः एक काच घासली. त्यांचा हात नेमका उलटा कलला.

हातच्या काकणाला आरसा कशाला? पदार्थानं काही निवडलंच नव्हतं. दोन वर्षं निसर्गाच्या नावावर बाई स्वतःचाच हात खपवत आल्या होत्या.

"मी उजव्यानं करते ना मॅडम," कृतिका म्हणाली. "बिल्कुल जमेल. घरी प्रसादाला, वाढायला उजवाच वापरायला लावतात. सवय आहे मला."

जमलं असतं, हे बाईंनाही कळत होतं. पीळ पुन्हा उजवे आले असते, पेपर वेळेवर गेला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता. त्यांनी मखमल उचलून कृतिकाच्या डाव्या हातात दिली.

"नको. तू डाव्यानंच कर, मी उजव्यानं करते. दोन्ही मांडू. पेपर राहू दे."

दोघी एकाच टेबलाशी बसल्या. बाईंच्या उजव्या कोपराला कृतिकाचं डावं कोपर लागलं. लहानपणापासून प्रत्येक बाकावर केलं तसं, कृतिका मुकाट्यानं आपली खुर्ची उचलू लागली.

"बस गं," म्हणत सुनेत्राबाई उठल्या आणि आपली खुर्ची तिच्या पलीकडे घेऊन गेल्या.