रिमोटची दोरी

साळुबाई गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा धर्माजी घरात टीव्हीसमोर रिमोट हलवत बॉलिंगच्या गेमचा सराव करत होता. ती घरी यायच्या आत त्याला हात बसवायचा होता. साळुबाई रिमोटची दोरी मनगटात अडकवून तो पाखरं हाकायच्या गोफणीसारखा गरगर फिरवायची आणि रोज जिंकायची. गेममध्ये तिचाच आकडा सगळ्यात वर होता. "अवं, पाखरंबी हसतील तुमाला!" म्हणायची.

तेरावं उरकल्यावर धर्माजी गेम पिशवीत घालून मंचरच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात गेला.

"हात हलवून खेळायच्या गेमला आता गिऱ्हाईक नाय, बाबा. भंगारात घाला."

"इकायला कोण आलंय? रिमोटची दोरी तुटलीय, तेवढी बसवून दे."

"आता कोण खेळणार?"

 

"मी. बायकोला हरवायचं राहिलंय अजून."