विसराळू भाडेकरू

घर बघायला आलेल्यांची रांग जिन्यावरून पार फाटकापर्यंत पोचली होती. मालक पगार विचारत नव्हते, मासे-मटण खाता का तेही नाही. प्रत्येक जोडप्याला एकच प्रश्न, "दूध गॅसवर ठेवून विसरता का हो?" सगळ्या बायका ठामपणे नाही म्हणाल्या. माझा नवरा मात्र हसून बोलून गेला, "ही? रोज!" आणि किल्ली आमच्या हातात पडली.

राहायला आलो त्या सकाळी, नव्या घरात दूध उतू जाऊ द्यायची रीत म्हणून मी पातेलं ठेवलं. साय फुगून काठाशी आली आणि गॅसचं बटण आपोआप फिरलं. पुन्हा पेटवला. पुन्हा तेच.

घाबरून मालकांना फोन लावला. "म्हणजे आई आहे अजून," ते शांतपणे म्हणाले. "तिला जाऊन वर्ष झालं, पण दूध उतू गेलेलं आजही खपत नाही. ताई, तुम्ही आपलं रोज विसरत जा. रिकामी बसली, की ती दिसेल ते बंद करत सुटते. आधीचे भाडेकरू दूधच घ्यायचे नाहीत, बिचारे."

या शहरात दुसरं घर कुठे मिळणार? मी रोज सकाळी दूध ठेवते आणि मुद्दाम बाल्कनीत जाऊन कपडे वाळत घालते.

आज दूधवाला आलाच नाही. आतल्या खोलीत नवरा नेहमीसारखा घोरत होता. मघाशी ते घोरणं मध्येच बंद झालं.